पहिल्या गाडीचा ड्रायव्हर

दादा,

तुझं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी तुझा नितीन माझ्याकडे कोरे कागद घेऊन आला. कंपनी तुझ्यावर स्मरणिका काढणार आहे. म्हणाला, "आत्या, दोन पानं तू लिही. अप्पांच्या टांग्यांचं, बाबांच्या लहानपणाचं. तुझ्याशिवाय आता कुणाला आठवणार?" त्याचं बरोबरच आहे. अप्पांचं टांग्याचं वर्कशॉप चालू असताना पाहिलेलं माणूस मीच एक उरले. वहिनी घरात आली तोवर टांगे संपत आले होते.

शोकसभेत पाच जण बोलले. पाचही जणांनी सांगितलं की, पाण्याच्या पंपाचं इंजिन तीन चाकांवर बसवून तू पहिली गाडी बनवलीस आणि आज तुझ्या कारखान्यातून बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या बाहेर पडतात. टाळ्या वाजवायच्या नसतात म्हणून लोकांनी वाजवल्या नाहीत, एवढंच. मी पहिल्या रांगेत माझ्या मीनाचा हात धरून बसले होते. ती पहिली गाडी चालवली कुणी, हे पाचातल्या एकानंही सांगितलं नाही. त्यांना माहीत नव्हतं असं मी तेव्हा समजत होते.

तर हे कागद मी घेतले, पण हे स्मरणिकेसाठी नाही. तुझ्याशी मला जे बोलायचं होतं ते अडतीस वर्षं बोलले नाही, म्हणून हे तुला.

अप्पांपासूनच सुरुवात करते, कारण तू सगळं त्यांच्यापासून उचललंस. स्टेशनच्या मागच्या बोळात आपलं पत्र्याचं शेड होतं. पुढं टांगे, मागं आपण राहायचो. लोखंडी धाव भट्टीत लाल करून लाकडी चाकावर चढवायचे तेव्हा तू आणि मी बादल्या घेऊन तयार असायचो. अप्पांनी "हां" म्हटलं की पाणी ओतायचं. धाव आवळत जायची, लाकूड करकरायचं, आणि अप्पा कान लावून ऐकायचे. आवाज मनासारखा आला नाही तर चाक खोलायचे. दोन दिवसांची मेहनत गेली तरी खोलायचे. तू एकदा वैतागून म्हणालास, "अप्पा, गिऱ्हाइकाला काय कळतंय?" अप्पा म्हणाले, "त्येला न्हाय कळत. म्हणून तर आपल्याला कळाया पायजे की."

आणि त्यांचा नियम तुला आठवत असेल. नवीन टांगा गिऱ्हाइकाच्या हाती द्यायच्या आधी स्वतः बसून, घरच्या माणसांना बसवून स्टेशनपासून नव्या पेठेपर्यंत एक फेरी मारायची. आपण दोघं पाठमोरे बसायचो, पाय खाली सोडून. आई मधे. मला वाटायचं ही आपली मजा आहे. पुष्कळ मोठी झाल्यावर कळलं की अप्पा चाकावर स्वतःची पोरं ठेवून बघत होते.

मग रिक्षा आल्या. स्टेशनवर टांग्यांपेक्षा रिक्षा जास्त दिसायला लागल्या तेव्हा तू अप्पांशी किती भांडलास. तू म्हणायचास, लोखंडाकडे वळू या. अप्पा म्हणायचे, मला वेल्डिंगचा जोड दिसत नाही, आत काय आहे ते कळत नाही. दोघंही तीन-तीन दिवस एकमेकांशी बोलत नव्हतात, आणि निरोप पोचवायला मी. शेवटी तू शेडच्या एका कोपऱ्यात रिक्षांचे हूड आणि टप बनवायला लागलास. अप्पांनी कोपरा दिला, हात दिला नाही. पण माझा हात दिला. टांग्याच्या गाद्या मी शिवायचे, काथ्या भरून, दाभणानं. तू मला रेक्झिन आणून दिलंस आणि म्हणालास, "सुमे, आता ह्येच्यावर शिक." मी शिकले. हे आजही तुझ्यामुळेच आहे, आणि हे लिहिताना मला राग येत नाही असं नाही.

दत्तूचं माझ्याशी लग्न अप्पांनी ठरवलं. तो टांगा हाकायचा, स्टेशनवर. चाकाची आरी बदलायला आला होता आणि काम होईपर्यंत घोड्याला बाभळीखाली घेऊन उभा राहिला, स्वतः उन्हात. अप्पांनी तेवढंच पाहिलं आणि ठरवलं. तू तेव्हा हसला होतास, टांगे संपत आल्यावर टांगेवाला जावई करतात म्हणून.

अप्पा गेले आणि वर्षभरात तू ती गाडी केलीस. धरणाच्या कडेचे शेतकरी जुनी डिझेल इंजिनं टाकून विजेच्या मोटारी बसवत होते, तिथून तू एक इंजिन आणलंस. तीन चाकं, मागं माल ठेवायला हौदा, पुढं एक सीट. सीट मी शिवली. निळ्या रंगाची. पुढचं चाक धरून ठेवणारा चिमटा तू स्वतः वेल्डिंग केलास, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाहीस. आणि मग अप्पांचा नियम तुला आठवला. गाडी विकायच्या आधी घरचं माणूस बसवायचं. फक्त तू स्वतः बसला नाहीस. तू दत्तूला म्हणालास, "दाजी, घोडा विका. ह्यो धंदा वाढला की तुमी पैले ड्रायव्हर."

त्यानं घोडा विकला. दोन दिवस संध्याकाळी गवत आणायला निघायचा आणि दारातून परत यायचा.

जेऊरजवळच्या एका केळीवाल्याशी तू बोलणं केलंस. शेतातून स्टेशनपर्यंत केळी न्यायची, महिनाभर चालवून बघायची. दत्तू तिकडेच राहायचा आणि रविवारी रेल्वेनं घरी यायचा. पहिल्याच रविवारी तू आमच्याकडे जेवायला होतास. मी वाढत होते. पुढचं बोलणं मला शब्दन् शब्द पाठ आहे.

दत्तू म्हणाला, "दादा, वळताना पुढनं कट कट आवाज येतोय."

तू म्हणालास, "नवी गाडी हाय. आठ दिवस चालली की बसंल."

"घोडं लंगडाया लागलं तर मला आधी कळतं. ह्ये लोखंडाचं काय कळंना बगा. तुमी एकदा येता का?"

"शुक्रवारी येतो की. तवर चालवा बिनघोर."

तू आणखी एक भाकरी मागितलीस. मी वाढली.

तो मंगळवारी गेला. उताराच्या वळणावर पुढचं चाक चिमट्यासकट निखळलं आणि गाडी उलटली. आपण जीपनं पोचलो तेव्हा त्याला बाजेवर ठेवलं होतं. तू आधी गाडीकडे गेलास. मी बघत होते. गुडघ्यावर बसून तू तो तुटलेला जोड हातात घेतलास, त्यावरून अंगठा फिरवलास, आणि मग माझ्याकडे आलास.

चौकीत मला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. दार उघडं होतं. तू सांगत होतास, "माल जास्त भरला व्हता सायेब. आणि जोरात व्हता. मी सावकाश जा म्हणून सांगितलं व्हतं." तो केळीवाला माझ्या शेजारी उभा होता. तो खाली बघत मला म्हणाला, "ताई, आज गाडीत सात-आठच घड व्हते." एवढं बोलून तो घरी गेला. त्यालाही पुढे कुणी विचारलं नाही.

मी तेव्हा आत येऊन का बोलले नाही, हे तू मला कधी विचारलं नाहीस आणि मीही स्वतःला फार विचारलं नाही. मीना दीड वर्षांची होती. मला भाऊ एकच होता.

महिन्याभरात तू मला माहेरी आणलंस, शेडच्या मागच्या खोलीत मशीन मांडून दिलंस. दुसरी गाडी तयार होत होती. मी सीटचं माप घ्यायला गेले आणि बघितलं, पुढच्या चिमट्याला दोन्ही बाजूंनी जाड पट्ट्या मारल्या होत्या. पहिल्या गाडीला त्या नव्हत्या. मी विचारलं, "ह्ये काय नवीन?" तू माप घ्यायची टेप गुंडाळत म्हणालास, "मजबुतीला." माझ्याकडे बघितलं नाहीस. त्या दिवसापासून मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तुलाही माहीत होतं. आणि आपण दोघांनी त्यावर अडतीस वर्षं कारखाना चालवला.

आता तू चांगला होतास हेही लिहायला हवं, कारण माझी खरी अडचण तीच आहे. तू वाईट असतास तर मी तेव्हाच पोरगी काखोटीला मारून निघाले असते. तू मीनाला खांद्यावर घेऊन पोळ्याचे बैल दाखवलेस. तिच्या शाळेत पालक म्हणून नेहमी तू गेलास. तिला शिक्षिका व्हायचं होतं तर वहिनीची कुरकुर न ऐकता बार्शीला शिकायला ठेवलंस. तिच्या लग्नात कन्यादानाला बसताना तुझे हात थरथरत होते. मी बघत होते आणि मनात म्हणत होते, थरथरू देत.

माझ्या सासूबाई वारल्या त्या मुलावर चिडूनच वारल्या. "घोडं कसं सांभाळून हाकायचा माजा दत्तू, आणि त्या यंत्रावर बसला तसा माजला," असं म्हणायच्या. तू त्यांना भेटायला दर संक्रांतीला जायचास. तिळगूळ द्यायचास. त्या हे तुझ्यासमोर म्हणायच्या आणि तू ऐकून घ्यायचास. मीनाचा मुलगा आता मोटारसायकल चालवतो. तो निघाला की ती दारातून म्हणते, "सावकाश रे. आजोबांसारखं करू नकोस." तिच्याकडे गेले की मी हे ऐकते, दादा. आत भाजी चिरत असले तरी ऐकते.

शेड गेलं, अक्कलकोट रोडला कारखाना झाला, सरकारी मंजुऱ्या मिळाल्या, रस्त्यावर तुझ्या गाड्या दिसायला लागल्या. प्रत्येक नव्या नमुन्याची पहिली सीट मी शिवली. पुढच्या आवाराच्या भिंतीवर तू फोटो लावलेस. अप्पांचा टांगा, मग तुझी ती पहिली गाडी, तयार झाली त्या दिवशी काढलेली, रिकामी. मी एकदा म्हणाले, "ड्रायव्हर बसलेला फोटो पण हाय की घरात." तू म्हणालास, "बघू." त्या दोन अक्षरांवर माझा तुझ्याशी वाद अजून संपलेला नाही.

आणि आता हॉस्पिटल. त्या दुपारी वहिनी जेवायला गेली होती, नितीन औषधं आणायला. खोलीत आपण दोघंच. तू बराच वेळ वर पंख्याकडे बघत होतास. मग म्हणालास, "सुमे, त्यो चिमटा..."

मी उठले. चादर नीट केली. म्हणाले, "राहू दे दादा. डॉक्टर बोलू नका म्हणालेत."

डॉक्टर तसं काही म्हणाले नव्हते.

तू पुन्हा तोंड उघडलंस आणि मी पाण्याचा चमचा पुढे केला. तू पाणी प्यायलास आणि डोळे मिटलेस. सगळ्यांना वाटलं असेल बहीण किती जपते. खरं सांगू का? तुला हलकं होऊन जायचं होतं आणि मी ते होऊ दिलं नाही. मी अडतीस वर्षं ते वाक्य ऐकायला थांबले होते, आणि ते ओठांवर आलं तेव्हा मला वाटलं, आता नको. आता ते तुझ्या सोयीचं आहे. दोन दिवसांनी तू गेलास. तेव्हापासून मला हे सलतं आहे, आणि ते सलतं याचाही मला तुझ्यावरच राग येतो.

इथवर लिहून झालं होतं तेव्हा नितीन पानं मागायला आला. मी म्हटलं, लिहिलंय, पण तुझ्या कामाचं नाही. तो म्हणाला, वाचू तरी दे. मी दिलं. मनात म्हटलं, वाचू दे याला, बापाचा फोटो भिंतीवर लावण्याआधी वाचू दे. तो खुर्चीत बसून वाचत गेला. शेवटच्या पानावर थांबला आणि कागद मांडीवर ठेवून म्हणाला, "आत्या, मला हे ठाऊक आहे."

मी म्हटलं, "काय ठाऊक आहे?"

"काकांनी आवाजाचं सांगितलं होतं ते. वेल्डिंग बाबांचं होतं ते. सगळं. फॅक्टरीत सगळ्यांना ठाऊक आहे. नवीन वेल्डर, नवीन फिटर आला की बाबा पहिल्या दिवशी त्याला पुढच्या फोर्कापाशी, त्या चिमट्यापाशी उभं करून स्वतः सांगायचे. मी कॉलेज संपवून आलो तेव्हा मलाही तसंच उभं केलं होतं."

मग मी विचारलं, "आणि मला?"

नितीन मान खाली घालून म्हणाला, "मी विचारलं होतं एकदा. म्हणाले, सुमीला सांगितलं आणि ती पोरीला घेऊन उठून गेली तर?"

गेले असते, दादा. तुझा अंदाज बरोबर होता. पहिल्या वर्षी गेले असते. दहाव्या वर्षी गेले असते का, ते सांगता येत नाही. विसाव्या वर्षी मी तुझ्यासमोर बसून रडले असते आणि दुसऱ्या दिवशी कामावर आले असते. पण तू पहिल्या वर्षाचंच भय धरून बसलास. कारखान्यातल्या एकेका माणसाला तू सांगितलंस. मागच्या खोलीत मशीनवर बसलेली मी, मला चहा आणून देणारे, माझ्यापुढे आवाज खाली करून बोलणारे, मी आले की बाजूला होणारे, त्या सगळ्यांना माहीत होतं. मला वाटायचं मालकाची बहीण म्हणून मान देतात.

काल मी बार्शीहून मीनाला बोलावून घेतलं आणि तिला घेऊन कारखान्यात गेले. का ते तिला सांगितलं नाही. माझ्या तोंडून नीट निघालं नसतं. मल्लाप्पा होता, तुझा जुना फिटर, अक्कलकोटच्या पलीकडचा. मी त्याला म्हणाले, "मल्लाप्पा, आम्ही दोघी नवीन कामाला आलोय असं समज. मालक पहिल्या दिवशी सांगायचे ते सांग."

तो घाबरला. "अक्का, बेडा. नको की." मग स्टूल आणायला निघाला. मी म्हटलं, "नवीन माणूस उभ्यानं ऐकतो." तेव्हा त्यानं हातातला पाना खाली ठेवला, गाडीच्या पुढच्या चाकापाशी गेला आणि तू ठेवायचास तसाच असेल, चिमट्यावर हात ठेवला.

"मालक म्हणायचे, हितं माजा हात चुकला. पैल्या गाडीला. आणि माज्या बहिणीचा नवरा गेला. दत्तू नाव त्याचं. त्यानं मला सांगितलं व्हतं, आवाज येतोय म्हणून. मी जेवत व्हतो, उठलो न्हाय. गाडी चालवणारा माणूस कायबी सांगत असंल तर आधी उठायचं. मग इचारायचे, समजलं का? आणि समोरचा व्हय म्हणंपर्यंत हितनं हालायचे न्हाईत."

एवढं बोलून तो थांबला. सवयच लागली असणार त्याला, आमच्या उत्तराची वाट बघत उभा राहिला. मला व्हय म्हणता येईना. अडतीस वर्षांत तुझ्याकडून दत्तूचं नाव मी ऐकलं नव्हतं, आणि ते असं इथं, दर नव्या माणसापुढे घेतलं जात होतं.

मीना पुढे झाली. तिचा आवाज शाळेत असतो तसा स्पष्ट होता. तिनं विचारलं, "म्हणजे बाबा जोरात नव्हते?"

मल्लाप्पा म्हणाला, "न्हाई ओ अक्का. मालक म्हणायचे, दाजींच्या हातात गाडी कधी जोरात गेलीच न्हाई."

मीनानं पदर तोंडाला लावला आणि तिथंच तेलकट फरशीवर बसली. तिला तिचे बाबा चाळिशीत आल्यावर परत मिळाले, एका फिटरकडून. हे एक वाक्य होतं, दादा. तू माझ्या घरी शेकडो वेळा जेवलास. कुठल्याही रविवारी ताटावर बसून तुला ते म्हणता आलं असतं.